म्होरकी गेल्यावर गाण्याचं काय होतं?

बायांनो, सांजच्या भाकरी झाल्या असतील, कुणाची शेवटची अजून तव्यावर असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आज गाण्याबद्दल बोलायचं आहे, पण मी गाऊन दाखवणार नाही. माझा आवाज कसा आहे ते आमच्या गटातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळात मी टाळ धरते, तेवढंच माझं काम.

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे, बचत गटाच्या आधीपासूनचं. खरं तर गट निघाला तोच मंडळातून. एकादशीला देवळात जमायचो, तिथंच पहिली वीस-वीस रुपयांची बचत गोळा झाली. मंडळाच्या म्होरक्या होत्या आमच्या आक्का. पेटी त्यांची, सूर त्यांचा, कुठला अभंग कधी घ्यायचा तेही त्याच ठरवणार. बावीस वर्षं असं चाललं. गेल्या कार्तिकात आक्का गेल्या. तेराव्याला आम्ही भजनाला बसलो आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. पहिली ओळ उचलायची कुणी? एकीनं धाडस केलं, तर तिसऱ्या कडव्याला शब्द अडले. आक्कांना पन्नास-साठ अभंग आणि गौळणी तोंडपाठ होत्या. अभंग पोथीत सापडतात, पण चाली? त्या कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. निम्म्या त्यांच्याबरोबरच गेल्या. पेटीवर फडकं पडलं ते चार महिने निघालं नाही.

तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला. म्होरकी गेली की गाणं थांबतं का? ज्यांनी मोठमोठे गाण्याचे संच चालवले, त्यांच्या मागं काय झालं? वाचत गेले, विचारत गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी वृंदगान म्हणजे काय ते सांगते. आपण भजनात सगळ्या एकच चाल एकाच सुरात म्हणतो. वृंदगानात तसं नसतं. पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबून बघा. तिन्ही वेगळ्या, पण एकत्र कानाला गोड लागतात. वृंदात तेच गळ्यानं करतात. बारीक आवाजाच्या बाया एक ओळ धरतात, जाड आवाजाच्या बाया तिच्या खालची, पुरुषांचेही असेच दोन भाग. चौघांच्या चार वाटा, गाणं मात्र एक. आपल्याला हे अगदीच परकं नाही. पोवाड्यात शाहीर पुढं जातो आणि झीलकरी मागून सूर धरून ठेवतात, जात्यावर एक ओवी सोडते आणि दुसरी ती झेलते, त्यातलंच हे पुढचं पाऊल. अशा वृंदाच्या म्होरक्याचं काम नुसतं गाण्याचं नसतं. गाणं निवडायचं, कुणाचा गळा कुठं बसतो ते पारखायचं, प्रत्येक भाग वेगळा शिकवायचा, मग समोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना एकत्र आणायचं.

आता गोष्ट सुरू होते मुंबईत. साल १९४३. बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला होता, लाखो माणसं अन्नावाचून गेली. त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ ही नाटक-गाण्यांची संस्था उभी राहिली. इप्टा म्हणजे भारतीय जननाट्य संघ. आपले शाहीर अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख याच चळवळीतले. बंगालचे बिनय रॉय यांनी गाणाऱ्यांचा एक जथा बांधला आणि दुष्काळग्रस्तांसाठी पैसे गोळा करत तो गावोगाव फिरला. पुढं इप्टाचा मध्यवर्ती संच अंधेरीला एका घरात राहू लागला. बंगाली, मराठी, गुजराती, पंजाबी, दक्षिणेकडची अशी सगळी तरुण मंडळी. एकत्र स्वयंपाक, एकत्र तालीम. काही काळ त्यांच्या संगीताची जबाबदारी सतारवादक रविशंकर यांच्याकडं होती. हा संच पुढं मोडला. पैसा नव्हता, मतभेद होते, देशातले दिवसही धामधुमीचे होते. पण इथं नाना भाषांची गाणी एका गळ्यात बसवायची जी सवय लागली, ती घेऊन माणसं बाहेर पडली.

त्याच इप्टाच्या चळवळीतून आलेले सलील चौधरी. त्यांचं बालपण आसामच्या चहामळ्यांत गेलं. वडील तिथं डॉक्टर. घरात विलायती संगीताच्या तबकड्या वाजायच्या आणि बाहेर मळ्यातल्या मजुरांची गाणी. दोन्ही एकाच कानात शिरलं. तरुणपणी ते बंगालमधल्या शेतकऱ्यांच्या चळवळीत गेले आणि तिथं सभांसाठी गाणी रचू लागले. पुढं मुंबईत आले ते ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटासाठी. १९५३ चा हा चित्रपट. दोन बिघे जमीन जमीनदाराच्या तावडीतून सोडवायला शहरात जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तिचं संगीतही त्यांचं आणि मूळ गोष्टही त्यांचीच. ‘मधुमती’ आणि ‘आनंद’ची गाणी आपल्यापैकी पुष्कळजणींना पाठ असतील, तीही त्यांनीच बांधलेली. केरळातल्या कोळ्यांवरचा ‘चेम्मीन’ हा मल्याळी चित्रपट आहे, त्याचंही संगीत त्यांचं.

सिनेमाचं एवढं काम हातात असताना या माणसानं १९५० च्या दशकात मुंबईत ‘बॉम्बे युथ कॉयर’ नावाचा गायनवृंद उभा केला. त्याआधी आपल्याकडं असं अनेक पट्ट्यांतलं गाणं होतं ते मुख्यतः चर्चमध्ये. गोव्यातल्या आणि वसईच्या आपल्या ख्रिस्ती बहिणींना ते चांगलं माहीत आहे. सलीलदांनी तीच रीत घेतली आणि तिच्यात आपली लोकगीतं घातली. नावाड्याचं गाणं, कापणीचं गाणं. गाणारे वेगवेगळ्या प्रांतांतले. बंगाली गाणं मराठी माणूस म्हणतोय, पंजाबी गाणं बंगाली म्हणतोय. शब्द आपले नसले तरी ओझं तेच असतं, हे म्हणता म्हणता समजत जातं.

या मुंबईच्या मंडळींत एक तरुण बाई होती, रुमा. तिची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. आई सती देवी स्वतः गायिका. रुमानं लहानपणीच अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नाचाचं शिक्षण घेतलं, सिनेमात कामं केली. गायक किशोर कुमार यांच्याशी लग्न झालं, मुलगा झाला. तोच पुढं गायक झालेला अमित कुमार. हे लग्न टिकलं नाही. ती कोलकात्याला गेली आणि १९५८ साली तिनं ‘कॅलकटा युथ कॉयर’ सुरू केलं. सलील चौधरी तिच्या पाठीशी होते, चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचाही हात होता. पण रोजचा गाडा ओढला तो रुमानं. पुढं दुसरं लग्न झालं, ती रुमा गुहा ठाकुरता झाली, मुलं झाली, सिनेमातली कामं चालू राहिली आणि वृंदही चालू राहिला. १९७४ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या युवक महोत्सवात या वृंदानं पहिलं पारितोषिक मिळवलं.

बायांनो, मोडलेलं घर मागं टाकून आलेल्या बाईला लोक काय काय म्हणतात ते मी सांगायला नको. अशा वेळी बाई गप्प बसते, किंवा कामाला लागते. रुमाबाई कामाला लागल्या आणि एकट्याच नाही लागल्या, शेकडो गळे सोबत घेऊन लागल्या.

या वृंदाच्या एका गाण्याचा प्रवास सांगते. अमेरिकेत मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी राबणाऱ्या काळ्या मजुरांवरचं एक गाणं पॉल रॉबसन या काळ्या गायकाच्या आवाजात जगभर गाजलं. आसामचे भूपेन हजारिका अमेरिकेत शिकायला गेले, तिथं रॉबसन यांची त्यांची भेट झाली. परत आल्यावर त्यांनी त्या गाण्यावरून आपल्या असमिया भाषेत ब्रह्मपुत्रेला जाब विचारणारं गाणं रचलं. काठावरची माणसं हाल सोसतात आणि तू नुसती वाहतेस कशी, असा त्याचा भाव. तेच गाणं बंगालीत आलं आणि कॅलकटा युथ कॉयरनं ते गावोगाव नेलं. हिंदीत ते गंगेवर आलं. तीन नद्या आणि चार भाषा, दुःख मात्र एकच. आपल्याकडं कृष्णा-पंचगंगेच्या पुरात ज्यांची घरं बुडाली त्या बायकांनी हे गाणं ऐकलं तर त्यांना अर्थ विचारावा लागेल का?

रुमाबाई २०१९ च्या जून महिन्यात गेल्या. साठ वर्षं त्यांनी वृंद सांभाळला. इतक्या वर्षांत पहिल्या फळीतले गाणारे म्हातारे झाले आणि नवे आले. त्यामुळं बाई गेल्या तेव्हा त्यांची गाणी एकट्या त्यांच्या गळ्यात उरलेली नव्हती. ती शेकडो गळ्यांत होती.

आता दक्षिणेकडं जाऊ. एम. बी. श्रीनिवासन, जन्म १९२५, आंध्रातल्या चित्तूरचा. लोक त्यांना ‘एमबीएस’ म्हणत. हेही इप्टाच्या चळवळीतलेच. त्यांची बायको जाहिदा या सैफुद्दीन किचलू यांच्या कन्या. १९१९ साली जालियनवाला बागेत जी माणसं जमली होती, ती किचलू आणि डॉ. सत्यपाल यांच्या अटकेचा निषेध करायला. म्हणजे घरातच दोन धर्म आणि दोन टोकांचे दोन प्रांत. एमबीएस यांनी मल्याळी चित्रपटांना पुष्कळ संगीत दिलं. सिनेमात वाजवणाऱ्या वादकांना तेव्हा मजुरीची शाश्वती नसे, म्हणून त्यांनी त्या वादकांची संघटना बांधली. दाम वेळेवर मिळावा म्हणून झगडणारा हा संगीतकार होता. रोजगार हमीच्या हजेरीसाठी खेटे घातलेल्या बाईला त्याची किंमत कळेल.

१९७० च्या सुमारास त्यांनी ‘मद्रास युथ कॉयर’ काढलं. तमिळ कवी सुब्रमण्य भारती यांच्या कविता त्यांनी समूहासाठी बांधल्या. तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, बंगाली अशा भाषांतली गाणी एकाच वृंदात बसवली. बरेचसे गाणारे नोकरी-धंदा करून संध्याकाळी तालमीला येणारे. १९८८ च्या मार्चमध्ये एमबीएस लक्षद्वीप बेटांवर वृंदगानाच्याच कामासाठी गेले होते, तिथंच त्यांना मरण आलं. घरापासून लांब, समुद्राच्या मधोमध, पण गाण्याच्या कामात. आणि मग? चेन्नईचा वृंद गात राहिला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी तो पुढं नेला. केरळात तिरुवनंतपुरमला त्यांच्या नावाचा दुसरा वृंद उभा राहिला. माणूस गेला आणि एकाचे दोन झाले.

आता म्हणाल, हे सगळं लांबचं झालं, आपल्याकडचं काय? तर आपल्याकडचे वसंत देसाई. सिंधुदुर्गाच्या मातीतले. तुमच्यापैकी जी कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत चार इयत्ता शिकली असेल, तिनं त्यांची चाल म्हटलेली आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातली प्रार्थना आणि ‘गुड्डी’ या चित्रपटातली प्रार्थना, या दोन्हींच्या चाली त्यांच्या. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बलक्ष्मी गायल्या. त्यांच्यासाठी कांचीच्या शंकराचार्यांनी एक संस्कृत स्तवन लिहून दिलं होतं, त्याची चालही याच मराठी माणसानं बांधली. शब्द संस्कृत, गायिका तमिळ, चाल कोकणातल्या माणसाची आणि ऐकणारं सगळं जग. १९७५ च्या डिसेंबरात मुंबईत लिफ्टच्या अपघातात वसंतराव अचानक गेले. कुणाला काही सांगून, सोपवून जायलाही वेळ मिळाला नाही. तरी त्यांची चाल आज सकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटांगणात म्हटली गेली असेल, आणि म्हणणाऱ्या पोरांना त्यांचं नाव माहीत नसेल.

यावरून मला तीन गोष्टी उमगल्या.

पहिली, गाणं एकाच डोक्यात ठेवायचं नसतं. वृंदात प्रत्येक भाग गाणारी माणसं वेगळी, म्हणून ते आपोआप वाटलं जातं. आमच्या मंडळात ते एकट्या आक्कांच्या डोक्यात होतं. आक्कांचा दोष नाही. आम्हीच कधी म्हटलं नाही की आक्का, आज तुम्ही टाळ घ्या, सूर आम्ही लावतो. गटाचं तसंच असतं बघा. एकच बाई बँकेत जाते, एकीलाच हिशेब येतो, आणि ती आजारी पडली की पासबुक कुठं ठेवलंय ते कुणाला सापडत नाही.

दुसरी, म्होरकीचं मोठेपण ती असताना किती गर्दी जमली यावर मोजू नये. ती नसताना पहिली ओळ कुणी उचलली, यावर मोजावं.

तिसरी जरा अवघड आहे, आणि ती माझ्यावरच येते. तीन वर्षांमागं आमच्या गावाजवळच्या तांड्यावरची एक सून मंडळात यायचं म्हणत होती. गळा असा की शेताच्या या बांधावर गायली तर त्या बांधावर ऐकू जावं. मी म्हटलं, तिची बोली गोरमाटी, तिला आपले अभंग कसे जमतील? आक्का काही बोलल्या नाहीत, पण माझा शब्द राहिला आणि ती आली नाही. आज बंगाली गाणं मराठी माणसानं म्हटल्याची गोष्ट मी तुम्हाला कौतुकानं सांगते, आणि तेव्हा हाकेच्या अंतरावरच्या बाईला मीच दाराबाहेर ठेवलं होतं. भाषा हे निमित्त होतं. खरं कारण काय ते माझं मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही कळलं असेल.

या पाडव्याच्या आधी मी तांड्यावर गेले. ती दारातच होती, गोधडीला टाके घालत. मी म्हटलं, तेव्हा मी चुकले. ती लगेच काही बोलली नाही. चहा ठेवला, चहा झाला, मग म्हणाली, “मावशी, आता येते म्हटलं तर आक्कांची जागा घ्यायला आली म्हणतील.” मी म्हटलं, “जागा कुणाचीच घेऊ नकोस. माझ्या शेजारी बस.”

ती आली. येताना दोघी जावांना घेऊन आली. मग आमच्या गटातल्या मुस्लिम वहिनी म्हणाल्या, आम्ही देवळात नाही बसणार, पण समाजमंदिरात बसणार असाल तर येऊ. आपल्या दखनी बोलीतही जात्यावरची जुनी गाणी आहेत, त्यांना चक्कीनामा म्हणतात, हे मला या वयात कळलं. जातं तेच, दळणही तेच, मला फक्त ऐकू येत नव्हतं. एकादशीचं भजन देवळातच राहिलं. दर शनिवारी मात्र आम्ही समाजमंदिरात बसतो. सगळ्यांना कबूल आहे असं नाही. दोघी अजून येत नाहीत, त्यांच्या घरच्यांना पटत नाही. त्यांची वाट बघतो आहोत, भांडण केलेलं नाही.

पहिला शनिवार कसा गेला म्हणाल तर फजितीचा. तीन पट्ट्यांत गायला गेलो आणि सगळ्या एकाच पट्टीवर घसरलो. हसून हसून पोट दुखलं. आक्का गेल्यापासून आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो. तिसऱ्या शनिवारी एक ओळ, एकच ओळ, दोन पट्ट्यांत जमली. वरची तांड्यावरच्या सुनेची, खालची आमची. पेटीवाली हात थांबवून ऐकत बसली.

आता एक वही केली आहे. शब्द मराठीत, गोरमाटीत, दखनीत, पण अक्षर देवनागरी, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर चाल भरून ठेवतो. दर शनिवारी सूर लावायची पाळी वेगळीचीच. माझी पाळी आली तेव्हा काय झालं ते सांगत नाही.

बायांनो, तुमच्या गावातही एखादी आक्का असेल. ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, हळदीची गाणी पोटात घेऊन बसलेली. या आठवड्यात तिच्याकडं जा, हात रिकामे ठेवू नका, भाजी निवडायला घ्या, आणि एक गाणं म्हणायला लावा. शब्द लिहून घ्या, चाल मोबाईलवर भरून घ्या. आणि जिला आजवर बोलावलं नाही, तिला बोलवा. आधी कोण जाणार, ते गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवा.

आमच्या पेटीवरचं फडकं निघालं आहे. आक्कांची पेटी आहे, भाता जरा गळतो, पण सूर लागतो.

येते मी. राम राम.